आप्पांना फरक पडला

आमच्या आप्पांच्या पायाला काय झालंय हे त्या वर्षी सणसवाडीपासून दौंडपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते सगळ्यांना ठाऊक करून देण्याचं काम आमच्या मामानं केलं होतं. मामा सणसवाडीला एका कंपनीत कामाला. तिथल्या बाहेरगावच्या पोरांकडून त्याला त्या साइटचा नाद लागला. तेव्हा सगळे ज्या एकाच साइटवर होते, ती साइट. एकमेकांच्या पानावर चार ओळी लिहायच्या, त्याला स्क्रॅप म्हणायचं, आणि एकाला लिहिलेलं सगळ्यांना वाचता यायचं. दिवाळीला मामा आमच्या गावी आला आणि आप्पांना मोटारसायकलवर बसवून शिरूरच्या सायबर कॅफेत घेऊन गेला. कॅमेऱ्यासमोर टोपी सरळ करून बसलेले आप्पा, मागे कोल्ड्रिंकची जाहिरात, असा फोटो लागला आणि आप्पांचं खातं उघडलं.

आप्पा सातवी शिकलेले. रोजचा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे. पण त्या साइटवर सगळे मराठी लिहायचे ते इंग्रजी अक्षरांत, आणि ते काही त्यांना जमत नव्हतं. मी शिरूरला स्टँडजवळच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते, त्यामुळे वाचायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. दोन बॅचच्या मधे लाइट असली तर आप्पांचं पान उघडायचं, आलेलं वहीच्या कागदावर उतरवून घ्यायचं, घरी जाऊन वाचून दाखवायचं, आणि आप्पा सांगतील ते उत्तर दुसऱ्या दिवशी टाइप करायचं. लाइट नसली तर लोकांचे फोन यायचे, "आमचं वाचलं का न्हाई आप्पांनी?" लोडशेडिंगचं वेळापत्रक मला तेव्हा क्लासच्या वेळापत्रकापेक्षा जास्त पाठ होतं.

सुरुवातीला तिथं काय असायचं, तर "राम राम आप्पा", "कांद्याला काय भाव मिळाला" आणि कुणाच्या तरी बारशाचे फोटो. आप्पांना मजा वाटायची. मलाही वाटायची, उगाच का नाही म्हणू.

मग पायाचं झालं. कांद्याच्या रानात चपलेचा खिळा वर आला आणि उजव्या तळव्यात रुतला. आप्पांना कळलंच नाही. ते तसेच घरी चालत आले. फरशीवर रक्ताचे डाग दिसले तेव्हा आई ओरडली आणि आप्पा मागं वळून कुणाचं रक्त आहे ते बघायला लागले. साखरेनं पायाची जाणीवच नेली होती. शिरूरच्या आमच्या डॉक्टरांनी सगळं स्वच्छ शब्दांत सांगितलं. इन्शुलिन सुरू करा, रोज ड्रेसिंग करा, पायावर भार देऊ नका, पाय शेकू नका, आणि बोटं काळी पडायला लागली तर एक दिवसही न थांबता पुण्याला जा, पाय वाचवायचा असेल तर. आप्पा प्रत्येक वाक्याला "व्हय सायेब" म्हणाले. मला वाटलं, झालं.

त्याच आठवड्यात मामानं आप्पांच्या पानावर लिहिलं, "आमच्या दाजींच्या पायाला शुगरची जखम झाली आहे. कुणाला काही उपाय माहीत असल्यास कळवावे."

आमच्याकडे कुणी आजारी पडलं की माणसं भेटायला येतात. बिस्किटाचा पुडा आणतात, खाटेच्या कडेला बसतात, चहा घेतात, आणि उठायच्या आधी एक उपाय सांगतात. नुसतं बघून जाणं बरं दिसत नाही. म्हणजे माया नाही असं वाटतं. एकदा आलेला माणूस परत महिन्याभरानं येतो, तोवर त्याचा उपाय विसरला तरी चालतो. पण इथं? इथं सगळे एकदमच खाटेच्या कडेला येऊन बसले, उठायचं नावच नाही, आणि कुणी काय सांगितलं ते सगळ्यांना दिसतंय. मधाचा लेप, पपईची पानं, बिबा, कुठल्या तरी महाराजांचं पाणी. मामाच्या कंपनीतल्या एका पोरानं, ज्यानं आप्पांना जन्मात पाहिलं नव्हतं, हिंदीत लिहून लसणाची कृती पाठवली. आणि प्रत्येक जण दोन दिवसांनी परत लिहायचा, "केलं का? फरक पडला का?"

माझी चीड अशी होती की त्याच साइटवर मला खरी मदतही मिळाली. साखरेच्या रोग्यांची एक इंग्रजी कम्युनिटी होती. कुठले कुठले लोक, कुणाचं नाव खरं, कुणाचं खोटं. तिथं मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं लिहिलं. फोटोच्या जागी जास्वंदीचं फूल लावलेल्या एका बाईनं मला उलट प्रश्न विचारले. पाय गार लागतो का? दोन्ही पायांचा रंग सारखा आहे का? घोट्यापाशी नाडी लागते का? तिच्या वडिलांचं असंच झालं होतं. ती म्हणाली, तुमचे डॉक्टर बरोबर सांगतायत, त्यांचं ऐका, आणि पायातलं रक्त नीट वाहतंय का याची तपासणी लवकर करून घ्या. मी घरी येऊन आप्पांचे दोन्ही पाय हातात धरून पाहिले. उजवा गार होता. काय करायचं ते मला ठाऊक होतं, डॉक्टरांना ठाऊक होतं, त्या फुलवाल्या बाईला ठाऊक होतं. आणि आमच्या घरात चाललं होतं भलतंच.

पहिला दणका दिला तो ताईच्या सासऱ्यांनी. ताई माझी थोरली बहीण, दौंडला दिलेली. तिचे सासरे रेल्वेतून निवृत्त झालेले, रुबाबदार माणूस, बोलणं कमी आणि ते शेवटचं. नातवाकडून त्यांनी लिहून घेतलं, "कडुलिंबाचा पाला उकळून त्या गरम पाण्यात पाय बुडवून बसावे. आमच्या खात्यात अनेकांना गुण आला आहे." मी वाचून दाखवलं आणि लगेच म्हणाले, "आप्पा, डॉक्टरांनी शेकायला स्पष्ट नको म्हटलंय."

"पाव्हण्यांनी सांगितलंय," आप्पा म्हणाले आणि आईला पाणी ठेवायला सांगितलं.

जाणीव नसलेल्या पायाला पाणी किती गरम आहे ते कळणार कसं? पाय बाहेर काढला तेव्हा घोट्यापर्यंत लाल झाला होता आणि सकाळी फोड आले होते. मी रडले, ओरडले, आईवरही ओरडले, तिचा काही दोष नसताना. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं. आता पाव्हण्यांना लिही. उपाय केला, फरक पडला, आराम हाय."

"फरक पडला?"

"मग काय लिवणार, तुमच्यामुळं पाय भाजला? लेक दिलीय त्यांच्यात."

मी ते टाइप केलं. दात ओठ खात टाइप केलं. त्यानंतर प्रत्येकाला तेच उत्तर जायला लागलं. पपईवाल्याला फरक पडला. मधवाल्याला फरक पडला. लसूणवाल्या पोराला आप्पांनी हिंदीत "बहुत आराम है" लिहायला लावलं. काही उपाय त्यांनी खरोखर केले, काहींना नुसता हात लावला, पण फरक मात्र सगळ्यांनी पडला. खाली जखम रुंद होत होती आणि वर स्क्रीनवर आप्पा दिवसेंदिवस ठणठणीत होत होते.

एकदा मी त्यांना सरळ विचारलं, तुमचा या सगळ्यावर विश्वास आहे का? ओट्यावर पाय लांब करून बसले होते.

"न्हाई," ते म्हणाले. अगदी सहज म्हणाले.

"मग करता कशाला?"

तेव्हा त्यांनी मला मेंढरांचं सांगितलं. आमच्याकडे आप्पांच्या तरुणपणापर्यंत मेंढरं होती, पुढे पाटाचं पाणी आलं आणि ती विकून आम्ही कांद्यात पडलो. पावसाळा सरला की कळप घेऊन निघायचं, भीमेच्या काठानं लांब लांब जायचं, आणि लोकांच्या रानात मेंढरं बसवायची. लेंड्यांचं खत त्यांना, धान्य आपल्याला. ज्याच्या रानात बसायचं तो काही ना काही सांगणारच, की हे कोकरू असं बांध, त्या मेंढीला हे पाज. त्याला मेंढरातलं काही कळत नसायचं. पण आपण "व्हय" म्हणायचं, त्याच्यासमोर ते करायचं, आणि निघताना गुण आला म्हणून सांगायचं.

"फुडल्या साली परत त्याच्याच रानात यायचं असतंय," आप्पा म्हणाले. "दुसऱ्याचा शब्द पडू द्यायचा न्हाई. शब्द पडला की वाट बंद झाली."

"आणि माझा शब्द? मी रोज सांगतेय, पुण्याला चला. तो पडतो त्याचं काय?"

आप्पा हसले. मायेनंच हसले. "तुझा शब्द पडला तर घरातच पडंल की गं. आपल्या घरात काय, उचलून घिता येतो."

मला त्यांचं बोलणं समजत होतं हा आणखी वेगळा ताप. अडाणीपणा असता तर मी भांडले असते. हा तर चांगुलपणा होता, आणि तो त्यांच्या पायात सडत होता.

मग मामानं जांभळाच्या बियांची भुकटी आणली, आणि बरोबर सल्लाही आणला, की भुकटी चालू असताना इन्शुलिन घेऊ नये, अंगावर उठतं. आमच्याकडे फ्रिज नव्हता. इन्शुलिनची बाटली आई ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवायची. एका दुपारी मी ड्रेसिंगला बसले तर बाटलीतलं औषध कमी झालेलं दिसेना. आईनं नजर चुकवली. "तुझ्या मामाचा शब्द हाय," एवढंच ती म्हणाली. म्हणजे भावाचा शब्द तिलाही मोडवत नव्हता. मी मामाला फोन करून तोंडाला येईल ते बोलले. मामा म्हणाला, "अगं, दाजींनीच लिवलंय फरक पडला म्हणून! वाच की तूच!"

करंगळी काळी पडली तेव्हा मी डॉक्टरांना गावात घेऊन आले. ते आप्पांना म्हणाले, आज निघा. आप्पा "व्हय सायेब" म्हणाले, आणि डॉक्टरांची गाडी वळल्यावर मला म्हणाले, "पाव्हण्यांचा नवा उपाय कालच सुरू केलाय. लगीच मोडला तर काय वाटंल त्यांना? थोडं थांबू."

माझा संयम तिथं संपला. दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये गेल्या गेल्या मी आप्पांच्या पानावर माझ्या नावानं लिहिलं. "आप्पांना कोणत्याही उपायाने फरक पडलेला नाही. बोट काळे पडले आहे. कृपया कुणीही उपाय पाठवू नयेत." टाइप करताना फार बरं वाटलं. ते बरं वाटणं संध्याकाळपर्यंत टिकलं. संध्याकाळी ताईचा फोन आला. बोलता येत नव्हतं तिला, हुंदके येत होते. सासरे जेवले नव्हते. सगळ्या पाहुण्यांसमोर खोटं पाडलं म्हणाले. सासू म्हणाली, तुमच्याकडं पोरी फार शिकवल्या. "पुस ते," ताई म्हणत होती, "माझ्यासाठी पुस, तुला हात जोडते." मी पुसलं. आप्पांना त्यातलं काही सांगितलं नाही. त्यांच्या पानावर परत सगळं हिरवंगार झालं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत कोरेगाव भीमाहून आतेभावाचा स्क्रॅप आला. आत्या म्हणजे आप्पांची धाकटी बहीण, एकुलती एक. तिलाही साखर होती. मी कॉम्प्युटरवर ते वाचलं आणि पुढची बॅच सोडून घरी निघून आले. या वेळी कागदावर उतरवून घ्यायची गरजच नव्हती, शब्द न शब्द डोक्यात बसला होता.

आप्पा ओट्यावरच होते. मी त्यांच्यासमोर बसले आणि सांगितलं, "आतेभावानं तुम्हाला लिहिलंय. मामा, तुम्हाला इतका फरक पडला हे वाचून आईलाही तेच सुरू केलं आहे. तिच्या टाचेला भेग पडून जखम झाली आहे. गरम पाण्यात पाय ठेवतो आणि जांभळाची भुकटी देतो. दवाखान्यातली सुई बंद केली आहे."

आप्पांनी मला परत सांगायला लावलं. मी परत सांगितलं.

"कुणाचं वाचून?"

"तुमचं."

"मी तिला कुठं लिवलं होतं?"

"तुम्ही पाव्हण्यांना लिहिलं होतं. तिथं सगळ्यांना दिसतं, आप्पा. कधीचं सांगतेय."

त्यांनी ते खरोखर ऐकलं ते तेव्हा. इतके दिवस त्यांच्या डोक्यात ते पान म्हणजे समोरासमोरचं बोलणं होतं. ज्याच्या रानात बसलोय त्याला खूश केलं, की संपलं. बोललेला शब्द तिथंच राहतो आणि समोर नसलेली माणसं येऊन तो आपल्या आईच्या पायाला बांधतात, हे त्यांच्या हिशेबात नव्हतं. त्यांनी पायाच्या पट्टीवर हात ठेवला. मग म्हणाले, "फोन लाव."

मी आत्याचा नंबर लावून फोन त्यांच्या कानाशी धरला.

"बाय, ऐक. मधी बोलू नको. त्या कॉम्प्युटरवर मी लिवलेलं समदं खोटं हाय. मला काडीचाबी फरक न्हाई. व्हय, खोटंच लिवलं. लोकांना बरं वाटावं म्हणून लिवलं. माझा पाय काळा पडलाय. तू आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा आन् सुई घे. गरम पाणी वतून दे. माझी शपथ हाय तुला." पलीकडून आत्या काहीतरी विचारत होती. "पाव्हण्यांना काय वाटायचं ते वाटू दे," आप्पा म्हणाले आणि फोन माझ्या हातात दिला.

मग मला म्हणाले, "गाडी बघ पुण्याला जायला."

आत्याचा पाय वाचला. तिची जखम लहान होती आणि आतेभावानं त्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे नेलं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण या सगळ्यात तेवढी एकच गोष्ट धड झाली.

गावातल्या एका ओळखीच्याची जीप मिळाली. शिक्रापूरच्या चौकात ट्रक अडकून पडले होते, जीप हलेना, आणि तेवढ्यात मामाचा फोन आला, की कुणीतरी नवीन काहीतरी लिहिलंय, जरा थांबता का. मी फोन बंद करून पर्समध्ये टाकला. आप्पा मागच्या सीटवर पाय लांब करून पडले होते. सणसवाडी गेली तेव्हा त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं, पण मामाचं नाव काढलं नाही.

पुण्याच्या डॉक्टरांनी दोन दिवस तपासण्या केल्या. मी त्या दोन दिवसांत कुणाशीही नीट बोलले नाही. ताई दौंडहून आली, आईजवळ बसून राहिली. सासऱ्यांनी तिला येऊ दिलं होतं, नारळ देऊन पाठवलं होतं, आणि मला त्या नारळाचाही राग येत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी मोठे डॉक्टर आले. खाली रक्त पोचत नाही, म्हणाले. महिनाभर आधी आणलं असतं तर बोटांवर भागलं असतं. आता विष वर चढतंय. पाय गुडघ्याच्या खालून काढावा लागेल, आणि आजच काढावा लागेल. त्यांनी ते आप्पांनाच सांगितलं, आमच्याकडे बघून नाही, हे मला त्यांचं बरं वाटलं.

आप्पांनी विचारलं, "न्हाई काढला तर?"

"मग तुम्ही राहणार नाही," डॉक्टर म्हणाले.

आई तोंडाला पदर लावून बाहेर गेली. ताई तिच्यामागं गेली. डॉक्टर थांबले होते. मला वाटलं, आप्पा आता पाव्हण्यांना विचारा म्हणतील, मामाला बोलावून घ्या म्हणतील, थोडं थांबू म्हणतील. मी भांडायची तयारी करूनच उभी होते, खरं सांगते.

आप्पांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"तू काय म्हंतीस?"

इतके महिने मी याच प्रश्नाची वाट बघत होते. चपलेचा खिळा लागला त्या दिवसापासून माझ्याकडे याचं उत्तर तयार होतं. डॉक्टरांचं ऐका, सुई घ्या, पाय वाचेल. ते उत्तर आता कुणाच्या उपयोगाचं नव्हतं. मी त्या पायाकडे पाहिलं. चादरीखाली त्याचा उंचवटा दिसत होता. गावोगाव हिंडलेला पाय तो, भीमेच्या काठानं.

"काढू द्या, आप्पा," मी म्हणाले.

"बरं," ते म्हणाले, आणि डॉक्टरांकडे वळून म्हणाले, "पोरगी म्हंती तसं करा."

आप्पांनी माझा ऐकलेला हा पहिला उपाय.